आधी हात दुखायचा थांबू द्या

नमस्कार बाई. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. यजमानांचा टॉवेलचा धंदा आहे, मी घरी बसून त्यांचे हिशेब बघते. मुलगा इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे. दुसरीपासून त्यांच्या शाळेत कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहायचं इंग्रजी अक्षर, सक्तीचं झालं. रोज चार रेघी वहीत दोन पानं घरून लिहून न्यायची. तो एक ओळ लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. परवा खोडून खोडून पान फाटलं आणि तो ढसाढसा रडला. बोटं दुखतात म्हणतो. वहीत लाल शाईनं 'अक्षर सुधारा' असा शेरा असतोच. यजमान म्हणतात, पुढं सगळं मोबाइलवरच होणार, हे कशाला? सासरे गिरणीत कारकून होते, त्यांचं जोडून लिहिलेलं इंग्रजी अजून मोत्याच्या सरासारखं दिसतं. ते म्हणतात, अक्षराला वळण नसेल तर माणसाला वळण नाही. मी दोघांच्या मधे. शाळेत जाऊन भांडू, की उन्हाळ्यात त्याला हस्ताक्षराच्या क्लासला घालू? मुलांना कर्सिव्ह खरंच लागतं का आता?
– एक आई

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा 'बोटं दुखतात' या दोन शब्दांपाशी थांबले. कर्सिव्ह लागतं की नाही याचं उत्तर देतेच, पण त्याआधी हे दुखणं बघायला हवं. आठ वर्षांच्या मुलाचे हात दोन पानं लिहून दुखत असतील, तर आळस किंवा हट्ट म्हणून सोडून देऊ नका.

आज संध्याकाळी तो लिहायला बसला की शेजारी बसा. अक्षराकडे अजिबात बघू नका, हाताकडे बघा. पेन्सिल तो अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरतोय, की अंगठा बाकीच्या बोटांवर आडवा चढवून मूठ आवळतोय? अंगठ्याशेजारच्या बोटाचं शेवटचं पेर आत वाकून नख पांढरं पडलंय का? मग पान उलटा आणि मागच्या बाजूनं बोट फिरवा. अक्षरांचे उठाव बोटाला टोचले तर समजा, तो लिहीत नाही, कोरतोय. खोडताना पान फाटण्याचं कारणही तेच. दाबून लिहिलेली रेघ खोडरबरानं जात नाही, म्हणून तो जोर लावतो आणि कागद हार मानतो.

पायांकडेही बघा. खुर्चीवर बसून पाय लोंबकळत असतील तर सगळा तोल मनगटावर येतो. खाली एक पाट किंवा जुना डबा सरकवा. पलंगावर पालथं पडून लिहायची सवय असेल तर ती आजपासून बंद. पेन्सिल थोडी मऊ, ठळक उमटणारी घ्या, म्हणजे दाबायची गरजच उरत नाही. बोटांत जोर यावा म्हणून कुठलं यंत्र आणायला नको. घरात शेंगा असतातच. चटणीसाठी शेंगा सोलायला त्याला रोज शेजारी घ्या. शेंग फोडायला जी चिमूट लागते तीच पेन्सिलीला लागते. रांगोळीचे ठिपके काढणं, कणकेचे बारीक गोळे वळणं, हेही चालेल. मुलगा आहे म्हणून रांगोळी नको, असं कृपा करून म्हणू नका.

आणखी एक गोष्ट तपासा, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर आहे. त्याची मराठीची वही काढा. मराठी लिहितानाही हात दुखतो का? मराठी विनातक्रार लिहीत असेल आणि फक्त कर्सिव्हलाच रडत असेल, तर अडचण त्या लिपीच्या वळणात आहे, मुलात नाही. पण दोन्हीकडे त्रास होत असेल, काना-मात्रा गळत असतील, वाचनही वर्गाच्या मागे असेल, फळ्यावरचं उतरवून घ्यायला इतरांच्या दुप्पट वेळ लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातच येणाऱ्या अडचणीची, तपासणी कुठे होईल ते विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. नुसत्या शंकेनं घाबरून जाऊ नका, पण शंका असेल तर ती मनात दाबूनही ठेवू नका.

मी हे एवढं लांबवून सांगते त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. त्याची आई म्हणाली होती, "मारा की ओ बाई, पण उजव्या हातानंच लिवायला शिकवा." मी मारलं नाही, पण त्याच्या डाव्या हातातला खडू रोज काढून उजव्या हातात देत राहिले. तेव्हा मला ते शिकवणंच वाटत होतं. दिवाळीनंतर तो मुलगा तोंडी प्रश्नांचीही उत्तरं देईनासा झाला. आधी सगळ्यात पुढे हात वर करणारा मुलगा. त्याची उत्तरं कुठे गेली हे कळायला मला फार वेळ लागला, आणि कळलं तोवर तो पुढच्या इयत्तेत गेला होता. हात आणि जीभ, दोन्ही एकाच मुलाची असतात. हाताला सतत चुकीचं ठरवलं की मूल बोलायचंही थांबतं. तुमचा मुलगा अजून रडतो आहे, म्हणजे अजून सांगतो आहे. तेवढ्यात ऐकून घेऊ.

आता तुमचा प्रश्न. माझं उत्तर असं: हातानं लिहिण्याची गरज आहे, कर्सिव्हची नाही. घरातली भांडणं होतात ती या दोन गोष्टी एक समजल्यामुळे. तुमचे यजमान कर्सिव्ह नको म्हणता म्हणता लिहिणंच नको म्हणतात, आणि सासरे लिहिणं हवं म्हणता म्हणता कर्सिव्हच हवं म्हणतात. दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे.

यजमानांना हे सांगा. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही अक्षरं मुलांनी हातानं काढली, काही गिरवली, काही कळ दाबून टाइप केली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूची चित्रं घेतली. वाचताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तो हातानं काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागा झाला. टाइप केलेल्या अक्षरांना तसा प्रतिसाद नव्हता, आणि गिरवण्याचा परिणामही हातानं काढण्याइतका नव्हता. ज्याला आपण 'अक्षर हातात बसलं' म्हणतो, तेच हे. शिवाय आपल्याकडे परीक्षा अजून कागदावरच आहेत. दहावीचा मराठीचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो, आणि ते तीन तास हातच चालवावा लागतो. टॉवेलच्या धंद्यात मोबाइलवर काम भागत असेल, तिसरीतल्या मुलाचं भागत नाही.

पण हीच गोष्ट सासऱ्यांना सांगताना दुसरी बाजूही सांगा. त्या प्रयोगात मुलांनी सुटीच अक्षरं काढली होती, जोडलेली नव्हे. हातानं लिहिण्याचे म्हणून जे फायदे सांगितले जातात, त्यातले बहुतेक सुट्या अक्षरांनीही मिळतात. वेगाचं म्हणाल, तर १९९८ साली अमेरिकेत चौथी ते नववीच्या मुलांचं लेखन तपासलं, तेव्हा निव्वळ सुटं किंवा निव्वळ जोडून लिहिणाऱ्यांपेक्षा दोन्हींची सरमिसळ करणारी मुलं जास्त वेगानं लिहीत होती. म्हणजे जिथे सहज जोडलं जातं तिथे जोडायचं, जिथे अडतं तिथे पेन उचलायचं. तुमचं स्वतःचं इंग्रजी अक्षर बघा, बहुधा असंच असेल. माझंही असंच आहे. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, हातानंच वाट काढली.

कर्सिव्हचं वळण घडलं त्यात शाईचाही वाटा होता. टाक किंवा पीस शाईत बुडवून लिहायचं, तर पुन्हा पुन्हा उचलून टेकवलं की डाग पडायचा. म्हणून न उचलता ओळ पुढे न्यायची. टाकाच्या नुसत्या स्पर्शानं शाई उतरायची, त्यामुळे त्या लपेटी सहज निघत. बॉलपेन आणि पेन्सिल दाबल्याशिवाय उमटत नाहीत. सासऱ्यांचं अक्षर टाकावर आणि शाईच्या पेनावर घडलं असेल. नातवाच्या हातात टोक गेलेली पेन्सिल आहे. तेच वळण, पण कष्ट वेगळे.

आणि आपल्या मुलांवर किती वळणांचं ओझं आहे, याची बेरीज कुणी करत नाही. इंग्रजीची कॅपिटल अक्षरं, स्मॉल अक्षरं, मग कर्सिव्हमधली कॅपिटल, कर्सिव्हमधली स्मॉल: २६ चोक १०४. त्यावर आपली बाराखडी आणि जोडाक्षरं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी मुलं असतात, अक्कलकोटकडून आलेल्यांच्या घरी कन्नड असते; त्यांच्यासाठी शाळेतलं मराठीच नवीन, मग त्यावर हे सगळं. ही मुलं मागे का पडतात असं विचारणाऱ्यांनी एकदा त्यांच्या दप्तरातल्या वह्या मोजाव्यात. दुरेघी वेगळी, चार रेघी वेगळी, चौकटीची वेगळी.

कर्सिव्हमध्ये मुलं नेमकी कुठे अडतात तेही सांगते. बहुतेक अक्षरांचा सांधा खालच्या रेषेवरून निघतो. बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू या चारांचा सांधा मात्र वरून निघतो. त्यामुळे ओ-नंतर आर आला, किंवा बी-नंतर ई आला, की पुढच्या अक्षराची सुरुवातच बदलते. हे कुणी समजावून सांगत नाही. अख्खा शब्द दहा वेळा लिहायला लावतात. तुमच्या मुलानं खोडलेल्या ओळी बघा. मला वाटतं, बरीचशी खोडाखोड याच चार अक्षरांच्या आसपास असेल. तसं असेल तर दोन पानांऐवजी एक दिवस फक्त ओ-आर, दुसऱ्या दिवशी फक्त बी-ई, प्रत्येकी पाच वेळा, एवढंच करा.

तुम्ही बाहेरच्या देशांत काय चाललंय असं विचारलेलं नाही, पण शाळेत गेलात की तो विषय निघणार, म्हणून थोडक्यात. फिनलंडनं २०१६ पासून जोडलेलं अक्षर सक्तीचं ठेवलं नाही. 'तिथे हातानं लिहिणंच बंद झालं' असं फिरतं ते खोटं आहे. सुटं लेखन आहेच, सोबत टायपिंग आलं. उलट कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीला कर्सिव्ह परत आणलं. फ्रान्समध्ये मुलं प्राथमिक शाळेच्या सुरुवातीपासूनच जोडून लिहितात आणि त्यांचं काही बिघडत नाही, कारण तिथे तेच एक वळण आधीपासून हातात बसवतात. आपल्यासारखं एक शिकवून, वर्षभरानं ते मोडून दुसरं लादत नाहीत. जगात यावर एकमत नाही, तेव्हा आपल्या शाळेचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

एका गोष्टीत मात्र मी सासऱ्यांच्या बाजूनं आहे, आणि ते मनापासून सांगते. लिहिता नाही आलं तरी जोडलेलं अक्षर वाचता यायला हवं.

माझे वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत जमिनीचे कागद निघाले. मोहोळ तालुक्यातली थोडी जमीन, पणजोबांच्या वेळची. कागद मोडीत. आम्ही चौघं भावंडं, चौघंही शिकलेली, आणि चौघांनाही पणजोबांच्या नावापलीकडे एक ओळ लागेना. नावही भावानं अंदाजानंच ओळखलं. मोडी ही आपली जोडून लिहायची लिपी. बोरू न उचलता ओळ चालवायची, शिरोरेघ आधीच मारून ठेवायची. तिचीच लपेट, तिचाच वेग. १९५० च्या आसपास ती शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घरचे कागद घरच्यांनाच परके झाले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, ते तुम्हीही पेपरात वाचलं असेल. माझ्या भावाला एक मोडी जाणणारे गृहस्थ मिळाले. त्यांनी भिंगाखाली कागद धरला आणि पणजोबा बोलावेत तसं धडाधड वाचून दाखवलं. मी तेव्हा पदराआड रडले. रडू दुःखाचं नव्हतं. एवढे दिवस हे सगळं आमच्या घरात होतं आणि आम्हाला ऐकू येत नव्हतं, याचं होतं.

तुमच्या सासऱ्यांची डायरी, त्यांची जुनी पत्रं, पाठीमागे काही लिहिलेले फोटो उद्या तुमच्या मुलाच्या हातात येतील. ते त्याला वाचता यावेत एवढं कर्सिव्ह त्याला नक्की येऊ द्या. आणि वाचायला शिकणं हे लिहायला शिकण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, त्यात बोटं दुखत नाहीत. सहीसाठी कर्सिव्ह लागतं हाही गैरसमज आहे. सही मराठीत केली तरी बँकेत चालते, फक्त ती दरवेळी सारखी हवी.

शाळेचं आता. भांडू नका. मी त्या खुर्चीत इतकी वर्षं बसले आहे. समोर पन्नास-साठ वह्या असतात, आणि नियम वर्गशिक्षिकेनं केलेला नसतो. पालकसभेत सगळ्यांसमोर विषय काढू नका. शाळा सुटल्यावर पाच मिनिटं मागून घ्या, फाटलेलं पान सोबत न्या, आणि सरळ सांगा: "बाई, ह्याला लिहायचा कंटाळा नाही, हात दुखतो. दोन पानांऐवजी अर्धं पान चालेल का? परीक्षेत सुटं लिहिलं तर गुण जाऊ नयेत, एवढं बघाल का?" अर्ध्या पानाला बहुतेक बाई हो म्हणतील. परीक्षेचं कदाचित मुख्याध्यापकांपर्यंत न्यावं लागेल. तिथे लेखी अर्ज द्या, दोन ओळींचा. आणि एक विनंती तुमच्या वतीनं मीच करते, कारण हा मजकूर शिक्षकही वाचतात. 'अक्षर सुधारा' हा शेरा मुलाला काहीच सांगत नाही. कुठलं अक्षर, कसं, ते एक शब्द लिहून दाखवा. पानावर चांगलं उतरलेलं एक अक्षर असतंच, त्याला गोल करा. शाई तेवढीच लागते.

क्लास यंदा नको. तिथे पुन्हा तेच गिरवणं, पुन्हा तोच हात. आधी चिमूट बसू दे, पायाखाली पाट येऊ दे, दुखणं थांबू दे. जूनपर्यंत मुलगा स्वतःहून लिहायला बसू लागला तर क्लासची गरज राहणार नाही, आणि तरीही त्याला सुलेखन आवडलं, तर खुशाल घाला. आवडीनं शिकलेलं कर्सिव्ह फार देखणं असतं, त्याला माझा काहीच विरोध नाही. घरी रोज पंधरा मिनिटांच्या वर लिखाण नको, आणि खोडरबर काही दिवस कपाटात ठेवा. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं. कारकुनांच्या वह्यांतही खाडाखोड अशीच असते, सासऱ्यांना विचारा.

सासऱ्यांना एक काम द्या. ते नातवाला शिकवायला बसले की दोघांचाही पारा चढत असणार, म्हणून शिकवायचं नाही. त्यांनी रोज रात्री आपल्या सुंदर जोडलेल्या अक्षरात एक चिठ्ठी लिहायची, एकाच ओळीची, आणि सकाळी ती त्याच्या डब्याच्या झाकणात ठेवायची. इंग्रजी तिसरीच्या मुलाला कळेल इतपत. उत्तर त्यानं हव्या त्या अक्षरात, हव्या त्या भाषेत द्यायचं, सुटं असलं तरी, चुकलेलं असलं तरी, आणि आजोबांनी ते दुरुस्त करायचं नाही. मधल्या सुट्टीत चिठ्ठी लागली नाही तर तो मित्राला विचारेल, नाहीतर घरी येऊन आजोबांनाच विचारेल.

पहिल्या चिठ्ठीचा मजकूर मी सुचवते. संक्रांत तोंडावर आली आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आजोबांसोबत कुठल्या दिवशी जायचं, तेवढंच लिहा. ते वाचायला तो डोळे फोडून बसेल.

तुमची,
बाई